राक्षसिणीच्या गळ्यात

मलप्पा गच्चीचा जिना चढले ते ‘नाही’ म्हणायला. खालून उमाबाईंनी तसं बजावूनच पाठवलं होतं. पोरगी फोटो काढायला समुद्रावर जाते म्हणते, तो विषय आजच्या आज मिटवा; मी बोलले की भांडण होतंय, तुम्ही एका शब्दात सांगून या.

गच्चीत पाय ठेवला आणि तो एक शब्द घशातच राहिला. पाण्याच्या टाकीशेजारी एक निळीहिरवी बाई उभी होती. खांद्यावर खवले, कमरेला शेपटी, डोक्यावर वाकडी शिंगं आणि शिंगांखाली त्यांचीच अंबिका, घामानं निथळलेली. तिची नांदेडची मैत्रीण तनुजा गुडघ्यावर बसून कॅमेरा लावत होती.

"हे कशाचं केलंय?" मलप्पांनी खांद्यावरचा एक खवला दाबून पाहिला.

"योगा मॅट हाय, अप्पा. कापून, गरम करून वाकवली. वरून रंग मारला."

त्यांनी पुन्हा दाबला. दुकानात सरकीची पेंड बोटांनी चुरून तिचा कस सांगणारा माणूस. वस्तू हाती घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. "आन् ही कोन म्हनायची?"

"समुद्रातली राक्षसीण. मीच काढली, चित्रात. नावा बुडवती."

"कशापायी?"

अंबिका विचारात पडली. कितीतरी दिवस ती या पोशाखाला चिकटून होती, पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "तिच्या पान्यात इचारल्याबिगर येत्यात म्हनून," ती म्हणाली. मलप्पांना ते रास्त वाटलं.

तनुजानं मोबाईलवर सगळा बेत दाखवला. रात्रीची पुण्याची गाडी, तिथून दापोली. तिची मावशी दापोलीला बँकेत, तिच्याकडं मुक्काम. रविवारी संध्याकाळी जवळच्या किनाऱ्यावर फोटो. "ओहोटीची वेळ बघून ठरवून राहिलो, काका. पाणी मागं गेलं की खडक उघडे पडतात. हिला तिथं उभी करायची."

"मागं जातंय म्हंजी? कुठं जातंय?"

"आत. अन् परत येतं. दिवसातून दोनदा."

मलप्पा टाकीच्या कट्ट्यावर बसलेच. त्यांच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी आलं तरी बाया खूश व्हायच्या. "दोनदा," ते म्हणाले. "आन् येळ बी पाळतंय?"

"पाळतं. चंद्राच्या हिशोबानं."

मग वाळूत पाय किती रुततो, लाटेचा आवाज रात्री झोपू देतो का, मासे किनाऱ्याला येतात का, असे प्रश्न सुरू झाले. खरं सांगायचं तर पंचावन्नाला आलेल्या या गृहस्थानं समुद्र अजून पाहिला नव्हता, आणि आपण कशाला वर आलो हे ते साफ विसरले होते.

"सांगितलं का हो?" खालून उमाबाईंचा आवाज आला.

"सांगायलोय," मलप्पा म्हणाले.

तेवढ्यात तनुजानं पिशवीतून राक्षसिणीचा गळपट्टा काढला. तो चढवायला गेली आणि थबकली. "अंबिका, हे मधी येतंय बघ. पट्टा बसंना. फोटोपुरतं काढून पर्समधी ठेव ना."

अंबिकेच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती, इष्टलिंगाची. त्या घरात सगळ्यांच्याच गळ्यात ती होती. झोपेत असो की आजारपणात, अंगावेगळी करायची नाही. तनुजा बिचारीला ते ठाऊक नव्हतं.

मलप्पा उठले. नकाराला आयतं कारण समोर आलं होतं. देव उतरवून राक्षसीण व्हायचं म्हटल्यावर कुणाचं काही चाललं नसतं. त्यांनी पोरीकडं पाहिलं. शिंगांखाली तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"हे काढता येत न्हाई, तनू," अंबिका म्हणाली. तिनं शिंगं उतरवून कट्ट्यावर ठेवली. "ऱ्हाऊ दे मग. न्हाई जात." गळ्यातली डबी तिनं मुठीत घट्ट धरली होती.

त्यांचं काम पोरीनंच उरकून टाकलं होतं आणि ते त्यांना बिलकूल आवडलं नाही. त्यांनी तनुजाच्या हातून गळपट्टा घेतला. उलटा केला, सुलटा केला, मधोमध अंगठ्यानं दाबला.

"ही राक्षसीण कुनी काढली म्हनलीस?"

"मी."

"शिंगं, शेपटी, समदं तूच ठरीवलंस?"

"हाव."

"मग तिच्या गळ्यात काय असावं ते बी तूच ठरीव की. हितं डबीएवढं भोक पाड. दिसू दे."

तनुजा हळूच म्हणाली, "पण काका, राक्षसिणीच्या गळ्यात?"

"महादेवाला राक्षस भगत काय नवे हायेत व्हय?"

अंबिका कटर शोधू लागली. तिला डोळे पुसायलाही सवड नव्हती. मलप्पा जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली वाकले.

"अगं, सांगितलं," ते म्हणाले. "समुद्राकाठचं पानी समदं खारट असंल. पूजेला चालायचं न्हाई. हिच्यासंगं गोड्या पान्याची एक बाटली दे भरून." ते जरा घुटमळले. "एक नगं, दोन भर. मला बी लागंल."

आता खाली ती कपाळाला हात लावून बसली असणार, असं मलप्पांना वाटलं.

"मग तीन भरते," उमाबाई म्हणाल्या.