विक्रमी उड्डाण

मेजर कुडाळकर दर महिन्याला पेढे घेऊन येतात, हे वागणं द्वारकाबाईंना मुळीच पटत नव्हतं. या खेपेलाही मेजरांनी सुनेच्या हातावर पेढा ठेवला. "अभिनंदन, वहिनी. कॅप्टन रंगनाथ आठ महिने आकाशात आहेत. जगातला विक्रम!"

रंगनाथचं हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पडत नाही, अशी सरकारची हमी होती. म्हणून नोंदवहीत 'पडलं' हा रकानाच नव्हता. उतरलं नाही, म्हणजे उडतंय.

सून पेढ्याकडे नुसती बघत राहिली. हल्ली ती रडतही नसे.

"साहेब, मी दुसरी नापास," द्वारकाबाई म्हणाल्या. "एकदा टाकी भरली की ते किती वेळ उडतं, एवढंच सांगा."

"तीन तास." मेजरांनी मान खाली घातली. "पण आई, वरून कागद आल्याशिवाय मला..."

"कागद राहू द्या तुमच्यापाशी. मला लेकाचे दिवस घालायचेत. आज तुमच्या तोंडून कळलं, आजपासून सुतक. घरी गेल्यावर आधी अंघोळ करा, साहेब, मगच लेकरांना जवळ घ्या."