सेन्सरचं सेटिंग

श्रीवर्धनजवळच्या गावात वीज वाचवणारं नवं आरोग्य केंद्र झालं आणि नर्स शैलाताईंच्या डोक्याला ताप झाला. खोलीत कुणी हललं नाही की दिवे आपोआप विझायचे. इंजिनिअरला फोन केला की एकच उत्तर: "सेन्सरचं सेटिंग बाकी आहे मॅडम, तोवर हलत राहा." परवा चंदाबाईंची सून बाळंत झाली, पण बाळ रडेना. ताई श्वास रोखून त्याचे ठोके ऐकत असताना बिनखिडकीच्या खोलीत भरदुपारी काळोख झाला. "हात हलवा, आजी!" त्या ओरडल्या. चंदाबाईंनी सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलावेत तसे दोन्ही हात फिरवले. दिवे लागले. ताईंनी बाळाचा घसा साफ केला, पाठ चोळली, आणि त्याने टाहो फोडला. "घ्या नातवाला," घामाघूम ताई म्हणाल्या. चंदाबाई हात हलवतच होत्या. "नको गो बाय, परत काळोख झाला तर?"