भिंतीलगतची प्रार्थना

दोन नोव्हेंबरच्या, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, दुपारी विनताने रोझमेरी आंटींना स्कूटरवर बसवून कबरस्तानात नेलं. कांचघर वस्तीत दोघी शेजारी होत्या. आंटींचे पती आग्नेल मात्र विनता तिथे राहायला येण्याच्या आधीच वारले होते.

सगळीकडे झेंडूची फुलं, मेणबत्त्या आणि माणसांची वर्दळ होती. आग्नेलची कबर एका बाजूला, भिंतीलगत होती.

"मेल्यावर आत्मा शुद्ध व्हायला स्वर्गाच्या वाटेत मधात थांबते, बेटा," आंटी म्हणाल्या. "आपण प्रार्थना केली का लवकर देवाजवळ जाते. मी ओळ म्हटली का तू मागून 'तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर पडो' बोल."

त्यांनी हात जोडले. "हे प्रभो, त्यांना चिरशांती दे."

"तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर पडो," विनता म्हणाली. तिच्याबरोबर एक भरदार पुरुषी आवाजही तेच म्हणाला.

तिने वळून पाहिलं. जवळपास कुणीच नव्हतं. ती दचकून आंटींजवळ सरकली.

आंटींचा चेहरा मात्र उजळला होता. "काहून घाबरून राहिलीस? आमचे हे आहेत," त्या हसल्या. "आज पहिल्यांदा बोलले!"

आनंदाने त्यांना रडू फुटलं आणि पुढची ओळ राहूनच गेली. पण आवाज थांबला नाही. आता तोच प्रार्थना सांगू लागला, अगदी खुशीत.

"हे प्रभो, माझ्या रोझीला सुखात ठेव."

"आमेन," आंटी म्हणाल्या.

"आणि विनतालाही."

आंटींनी डोळे पुसत तिला कोपराने ढोसलं. "आमेन म्हण ना, बेटा!"