पापडाचं माप

कोलशेतच्या एका सुपरमार्केटने आमच्या सासूबाईंचे उडदाचे पापड विकायला घेतले. त्यासाठी त्यांच्या पोर्टलवर वजन, घटक, आकार, सगळं भरायचं होतं. आकारापाशी गाडं अडलं, कारण सासूबाईंचा प्रत्येक पापड म्हणजे वेगळ्या तालुक्याचा नकाशा! शेवटी मी डब्याचं झाकण दाबून सगळे गोल कापले, माप भरलं आणि माल पाठवला.

पंधरवड्यात सगळी पाकिटं परत. तिथल्या प्रीतमचा फोन आला, "मॅडम, कस्टमर बोलतात, हे घरगुती वाटतच नाहीत. जरा वेडेवाकडे द्या ना."

"बघ, मी सांगत होते!" म्हणत सासूबाईंनी लगेच लाटणं हातात घेतलं.

तेवढ्यात प्रीतमचा मेसेज आला :



"फक्त सगळे एकसारखे वेडेवाकडे पाहिजेत हां. पोर्टल एकच आकार घेतं."