बिनजखमेचं ऑपरेशन

"चिरायचंच नाही!" डॉक्टर खुर्चीतून उठलाच. परभणीच्या दवाखान्यात नवं मशीन आलं होतं आणि कुणाला सांगू, कुणाला नको असं त्याला झालं होतं. पडद्यावर त्यानं सारजाबाईची किडनी दाखवली. आत खडा. आल्याच्या गड्ड्यासारखा फांद्या फुटलेला. "लघवीच्या वाटेनं बारीक नळी घालायची, लेसर मारायचा, खड्याचा भुगा! फार तर दोन खेपा. टाका नाही, डाग नाही. पंधरवड्यात कामाला!"

"पंधरवड्यात?" मुकादम व्यंकटराव टाळी वाजवायचाच राहिला. दसरा तोंडावर आला होता, टोळी ऊसतोडीला निघायची होती. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको पडली की नवरा अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. सोनपेठहून या जोडप्याला स्वतःच्या जीपमध्ये घालून आणलं होतं त्यानं. दया बिया काही नव्हती त्यात.

"बघ आसाराम, सायन्स कुठं गेलंय! दिवाळीच्या आत तुझी बायको फडात मोळ्या उचलती का न्हाई बघ!"

आसाराम हसला. चार वर्षं बायको कूस दाबत ऊस तोडायलीय, हे त्याला ठाऊक होतं. तरी हसला.

सारजाबाईनं पदर सावरला. "आन चाकूनं केलं तर?"

"कशाला मावशी? जुनी पद्धत ती. बरगडीखाली वीतभर चिरायचं. रक्त जातं, टाके पडतात. वर तीन महिने जड उचलायचं नाही. उचललं तर हर्निया."

"तीन म्हैने?" तिचे डोळे लकाकले. "मंग लेसर करून तीन म्हैन्याचा आराम सांगा की ह्यास्नी."

मुकादम खदाखदा हसला. "कशाचा आराम, वैनी? दाखवायला जखम तरी हाय का?"

खरं होतं ते. अंगावर जखम दिसल्याशिवाय बाईचं दुखणं या मुलखात कुणी धरलंय? लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला घराला कुलूप घालून निघालेली ही बाई. ओल्या बाळंतपणात ट्रॅक्टरवर चढलेली. ती स्टुलावरून उठली. जत्रेला निघाल्यागत उठली.

"चाकूच लावा, डाक्टर."

"येडी झालीस का?" आसाराम ओरडला.

"आरं, समजाव तिला! टोळी निघायलीय!" मुकादमाचं तोंड लालबुंद झालं.

डॉक्टर तर रडकुंडीला आला. एवढं मशीन, आणि ही बाई चाकू मागते! "मावशी, फार दुखेल हो!"

"दुखू द्या की सायेब. आत्ता उभ्यानं दुखतंय, मोळीखाली दुखतंय." चार वर्षांत पहिल्यांदा ती मोकळं हसली. "ह्या बारीला पडून दुखंल."