चारही बायाच

विस्तिनने मेजावर फूल चुरडलं आणि त्यातून बिया पडल्या. सात-आठ तरी असतील, मिरीच्या दाण्याएवढ्या, टणक.

समोर त्याचा मेहुणा स्पिरू उभा होता. हातात चीज भरलेल्या पास्तित्सींचं गरम पुडकं होतं. दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की तो थोरल्या बहिणीकडे जेवायला यायचा. आज विस्तिनने त्याला बस म्हटलं नव्हतं.

"सगळ्या बाया निघतील म्हणाला होतास ना?" विस्तिन म्हणाला. "मग ह्यांचा बाप कोण?"

बियाणं स्पिरूनेच आणलं होतं. खास मादी बियाणं. तो गोझो आणि माल्टा ह्या दोन बेटांमधल्या बोटीवर कामाला होता. स्वतःच्या गच्चीवर त्याने दोन हंगाम गांजा काढला होता, आणि तेवढ्या जोरावर तो मोठा शेतीतज्ज्ञ झाला होता. ह्या बियाण्यातून नर निघणं म्हणजे कोंबड्याने अंडं घालणं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. नर नसला की फुलात बी धरत नाही, झाडाचा सगळा जोर फुलात उतरतो, आणि तशाच फुलांचं तेल दुखण्याला उतार देतं. बी धरलेलं फूल म्हणजे निम्मा पाचोळा.

दुखणं चेत्ताचं होतं. विस्तिनची बायको, स्पिरूची बहीण. वर्षापूर्वी तिला नागीण झाली. फोड सुकले, पण आग पाठीत ठाण मांडून बसली. नुसता कपडा घासला तरी तिचा जीव जायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी चक्कर यायची. दोनदा ती अंगणात पडली, तेव्हा विस्तिनने हे झाडांचं मनावर घेतलं.

घरात चार झाडं लावायला कायद्याची हरकत नाही, रस्त्यावरून दिसली नाहीत म्हणजे झालं. विस्तिनच्या घराखाली तळघर होतं. लढाईत बॉम्ब चुकवायला त्याच्या बापाने खोदलेलं, सत्तावीस पायऱ्या खाली, चारी बाजूंनी अखंड दगड. तिथे त्याने दिवा टांगला. दिवा सकाळी सातला आपोआप लागायचा आणि संध्याकाळी सातला विझायचा. पुढचे बारा तास मिट्ट काळोख, फुलं धरायला तो लागतोच. चाळीस वर्षं खाणीत दगड कापलेला हा माणूस चार कुंड्यांपुढे दाईसारखा बसून असायचा. चेत्ताने काही विचारलं तर म्हणायचा, तू पायऱ्यांच्या नादी लागू नकोस, मी आहे ना. झाडांना काय लागतं, काय चालत नाही, ह्यातलं एक अक्षर त्याने तिला सांगितलं नव्हतं.

अलीकडे रात्री बरी झोप लागते, असं ती म्हणत होती. तोही गावभर तेच सांगत होता. एकदा तेल हाती आलं की उरलंसुरलं दुखणंही जाईल, असा त्याचा हिशेब. आणि आता ह्या बिया. पुन्हा लावायचं म्हणजे आणखी चार महिने. त्याला रडू येत होतं, पण मेहुण्यासमोर रडण्यापेक्षा त्याच्यावर चिडणं सोपं होतं.

स्पिरूने पुडकं मेजावर ठेवलं आणि तो तळघरात उतरला. मागोमाग विस्तिन. स्पिरूने एकेक झाड वाकवून पाहिलं, पान न् पान उलटलं. नर एकही नव्हता. पण एका झाडाच्या फुलांतून बारीक बारीक पिवळं काहीतरी डोकावत होतं, नखाएवढ्या केळ्यांसारखं.

"दाजी, चारही बायाच आहेत," तो म्हणाला. "ह्या एकीनेच पराग काढलेत. बाईला फार छळलं की ती बाप्याचंही काम अंगावर घेते, त्यातलाच प्रकार."

छळलं कोणी, म्हणून विस्तिन उसळला. स्पिरूने पाण्याचं विचारलं, उकाड्याचं विचारलं. दोन्ही ठीक होतं. मग उरलं एकच, तो म्हणाला. रात्रीच्या काळोखात ह्यांना कोणीतरी उजेड दाखवतंय, आणि एकदा नाही, पुष्कळदा.

विस्तिन हसला. ते हसणं काही बरं नव्हतं. घरात माणसं दोन. तो स्वतः नऊला आडवा झाला की पहाटे चर्चची घंटा वाजल्याशिवाय कूसही बदलत नाही. आणि चेत्ताला दिवसाढवळ्या दोन पायऱ्या चढायच्या जिवावर येतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याने वर येता येता मेहुण्याला ऐकवलं. कुठल्या तरी दुकानातलं गाळसाळ बियाणं उचललंस आणि आता रात्री कोणी उजेड दाखवला म्हणून झाडं बिघडली म्हणतोस. सख्ख्या बहिणीच्या दुखण्यात कोणी अशी हयगय करतं का?

"चालता हो," स्वयंपाकघरात पोचल्यावर तो म्हणाला. "पुन्हा ह्या घरात पाय ठेवायचा नाही."

स्पिरू भांडला नाही. त्यालाही क्षणभर दुकानदाराची शंका आली. त्याने टोपी घातली आणि तो दाराकडे वळला.

चेत्ता ओट्यापाशी पाव कापत होती. पायऱ्यांवरचं सगळं तिच्या कानावर पडलं होतं. तिची सुरी थांबली. तिला एकच भाऊ होता.

"त्याला थांबव," ती म्हणाली. "उजेड माझा आहे. टॉर्च घेऊन मी खाली जाते, रोज रात्री. झाडांना ते चालत नाही, हे मला आज कळलं."

विस्तिनला काही उमजेना. रात्रीची? सत्तावीस पायऱ्या उतरून? कशाला?

"ओरडायला," चेत्ता म्हणाली. "वर तू झोपलेला असतोस."