जिभेवरून खरवडलेलं

बेगिमायने सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी कणभर पुढे सरकवली. इथेही तेच. पेशी फुगून गोल झालेल्या. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून एकच अजस्र पेशी झालेली, आणि तिच्या पोटात केंद्रकांची दाटी. एकमेकांना चेपून बसलेली, मधोमध धुरकट काचेसारखी. नारीन शहराच्या इस्पितळातल्या या तळघरात तिने अशा पेशी कितीतरी जणांच्या तोंडातल्या पाहिल्या होत्या. नागिणीच्या कुळातला विषाणू. मोठ्या माणसाच्या ओठावर चार फोड आणतो आणि निघून जातो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मात्र सोडत नाही.

या पेशी तिच्या लेकीच्या होत्या.

"बुरशी असेल, सोड्याच्या पाण्याने पूस," असं सगळे म्हणाले होते. तिचं मन मानेना. सकाळी तिनेच आयपेरीच्या जिभेवरचा पांढरा पापुद्रा खरवडून काचेवर घेतला. पोर रडलीसुद्धा नाही. त्यानेच बेगिमाय जास्त घाबरली होती.

डॉक्टर साबिरांनी काच पाहिली आणि लगेच शिरेतून औषध सुरू केलं. मग तिचा दंड धरून म्हणाल्या, "मेंदूत उतरलंय गं. काल आकडी आली ती याचीच. औषध देतेय मी. पण तू आशा धरू नकोस."

बाहेर बाकावर तिची सासू बसली होती. दुधाच्या चहाचा थर्मास मांडीवर, डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढलेलं. हल्ली ती तसंच ओढून असायची. बेगिमायने ते टोक खस्सकन खाली ओढलं. खालच्या ओठावर सुकत आलेली खपली होती.

"थुंकलात ना आपा, तिच्या तोंडात?"

आपाचं तोंड म्हणजे गावात भाग्याचं. मूल तिच्यासारखं काटक निघावं म्हणून अर्ध्या गावाने आपापल्या बाळांच्या जिभेवर तिची थुंकी लावून घेतलेली. बेगिमायने पोटुशी असतानाच बजावलं होतं, माझ्या बाळाच्या तोंडात कुणी थुंकायचं नाही. तेव्हा आपा खो खो हसली होती. "मग कुणावर जायची पोर? तुझ्या त्या दुर्बिणीवर?"

बाळंतपणानंतर शुद्धीवर आल्या क्षणापासून बेगिमायने लेकीवर पहारा ठेवला होता. पापी घेऊ दिली नाही. बघायला आलेल्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लोक नाकं मुरडून गेले, जाऊ दे म्हणाली. आणि घरातलंच माणूस!

"हजारदा सांगितलं होतं तुम्हाला. तुमच्या ओठावरचं ते तिच्या मेंदूत गेलंय. मरतेय ती, आपा. तुमच्या हौसेपायी मरतेय."

म्हातारी खपलीवर बोट ठेवून बसून राहिली.

"हे... माझ्यामुळे?"

"नाहीतर कुणामुळे? जा तुम्ही. माझ्या डोळ्यांसमोर थांबू नका. शेवटचंसुद्धा बघायचं नाही तुम्ही तिला."

आपा उठली. थर्मास बाकावरच ठेवला, सुनेसाठी. भिंतीला धरत जिन्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

"थुंकले नव्हते गं, पोरी. तुला इस्पितळात आणताना घाटात बर्फात गाडी अडकली तेव्हा तू बेशुद्ध होतीस. पोर बाहेर आली ती निळी पडलेली, हलेना, श्वास घेईना. तुला सांगून उगीच कशाला घाबरवायचं, म्हणून गप्प राहिले. मी तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकत राहिले, ती रडेपर्यंत."